‘इतर’ नावाचं फोल्डर

वरातीमागून घोडं म्हणतात.
माझं घोडं वरातीच्या चार तास आधी पोचतं.
पांढरी व्हॅन, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली,
मागचं दार दोरीने बांधलेलं.
सस्कॅचेवानात नोव्हेंबर. ड्रेकमूरचा कम्युनिटी हॉल.
किल्ली पेट्रोलपंपावर, ऑइलच्या डब्यांमागे लपवलेली,
आणि कुठे लपवलीय ते साऱ्या गावाला ठाऊक.

स्पीकर तेवीस किलोचा एकेक. गुडघे एकोणसाठ वर्षांचे.
पायऱ्या पाच, पाचवीवर बर्फ.
वायरी टेपने जमिनीला चिकटवून टाकतो,
कारण साडेनऊनंतर काकामंडळी पाय उचलत नाहीत,
नुसते ओढतात.

सोमवार ते शुक्रवार मी शाळेची बस चालवतो.
आज जिचं लग्न, ती टेस्सा वोलोशिन
बारा वर्षं माझ्या मागे तिसऱ्या सीटवर बसली,
काचेवरच्या दवावर बोटाने घोडे काढत.
मंगळवारी तिने एक फाईल पाठवली:
बापलेकीच्या नाचाला, गाण्याच्या आधी, ही लावाल?

बाप, ओसिप, जानेवारीत गेला.

लेव्हल बघायची म्हणून रिकाम्या हॉलात लावली.
फोनवरचा निरोप. सत्तेचाळीस सेकंद.
आधी खोकला. मग:
‘टेस्सा, मी बोलतोय.
हिवाळ्याचे टायर अजून घातले नाहीस, आई म्हणाली.
ऑल-सीझनवर विसंबू नकोस, हे नाव ज्याने ठेवलं
तो इकडे राहत नाही.
डिकीत फावडं ठेव. मेणबत्ती ठेव.
बरं.
आणखी काही नाही.’
आणि फोन कसा बंद करायचा ते न कळल्याने
पुढे अकरा सेकंद नुसता ट्रॅक्टर.

खर्ज जास्त होता, थोडा उतरवला.
पुन्हा लावली.
घडी घालून ठेवलेल्या खुर्च्या, मी,
आणि भिंतीवर सन एकोणऐंशीचा कर्लिंगचा संघ,
त्यात मागच्या रांगेत, केसांसकट, ओसिप.

रात्री नेहमीचंच.
रुमालावर खरडलेल्या फर्माइशी, त्यात एक शिवी.
ज्यांना नाचता येत नाही त्यांचं गाणं वाकडं.
एक आजीबाई तीनदा आल्या आवाज कमी करा सांगायला,
चौथ्यांदा आल्या त्या पोल्का मागायला.
मोजे घातलेली पोरं फरशीवर घसरत होती
आणि पाद्रीबुवा माइक हातात घेऊन
तो चालू आहे का, असं माइकलाच विचारत होते.

माझं बोट बटणावर होतं.
टेस्सा आली, झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून,
पायात बूट नाहीत.
‘नको,’ म्हणाली. ‘ती नको. सरळ गाणंच लावा.’
का ते तिने सांगितलं नाही,
मीही, बसमध्ये कधी विचारत नसे, तसं विचारलं नाही.
ती आईबरोबर नाचली.
कुणी कुणाला पुढे न्यायचं ते दोघींना ठरवता येईना,
मग दोघीही मागेमागे सरकत राहिल्या,
हात मात्र सुटले नाहीत.

बाराला हॅम, लोणच्याच्या काकड्या, उरलेले पिरोही.
दीडला वायरी गुंडाळल्या, एक वेटोळं सुलट, एक उलट,
नाहीतर पुढच्या शनिवारी गाठी सोडवत बसा.
अडतीस डॉलर जास्त मिळाले पाकिटात,
दोन डॉलर कुणीतरी नाणी घालून भरले असावेत असं वजन.

काम झालं की गिऱ्हाइकाच्या फाईली पुसायच्या,
हा माझा नियम.
ही राहिलीय.
‘इतर’ नावाच्या फोल्डरात, वाढदिवसाचा भोंगा
आणि राष्ट्रगीत यांच्यामध्ये.

उणे सव्वीस. एकशे चाळीस किलोमीटर.
कानात अजून हॉल शिट्टी घालतोय.
रस्त्याकडेला हरणांचे डोळे, जोडीजोडीने.
व्हॅनचे चारही टायर ऑल-सीझन.
चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.
फावडं आहे मागे, स्पीकरच्या खाली.
मेणबत्तीचं बघायला हवं.